भिंतीवर टांगलेली जमीन

जमीन भिंतीवर टांगतात, हे मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. पुण्यातल्या एका फरश्यांच्या दुकानात. खरं तर त्याला दुकान म्हणायचं नाही, शोरूम म्हणायचं. काचेचं दार आपोआप सरकतं आणि आपण उगीचच पदर सावरतो. आत चारी भिंतींवर फरश्या उभ्या लावलेल्या, प्रत्येकीवर पिवळ्या दिव्याचा झोत, खाली नावाची चिठ्ठी. चित्रप्रदर्शनात चालतात तसे लोक हात पाठीमागे बांधून एकेका जमिनीसमोर थांबत, मान तिरकी करत पुढे सरकत होते. आणि सगळ्यांच्या पायांत बूट-चपला. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते पाय खाली अंधारात गुदमरून बसलेले. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. पूर्वी लग्न ठरवताना मुलगी सोडून बाकी सगळ्यांचं मत घ्यायचे, त्यातलाच प्रकार.

मी एक फरशी खाली काढून मागितली. विक्रेता मुलगा गोड होता. त्याला वाटलं, आंटींना वजन बघायचं असेल. मी ती खाली ठेवली, चपला काढल्या आणि तिच्यावर उभी राहिले. दोन फूट बाय दोन फुटांच्या त्या शुभ्र चौकोनावर मी पाटावर बसवायच्या राहून गेलेल्या गौरीसारखी दिसत असणार, कारण आमचे हे दोन पावलं मागे सरले आणि दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखे छताकडे बघू लागले. मुलानं विचारलं, "काय झालं, आंटी?" म्हटलं, "पायाला गार लागतेय का बघते." तो म्हणाला, "इथं एसी आहे, आंटी. इथं सगळंच गार लागतं."

या सगळ्याला कारण झाली आमच्या पॅसेजमधली एक फरशी. स्वयंपाकघराकडे जाताना डाव्या हाताची तिसरी. गेली वीस-बावीस वर्षं तिच्यावर पाय पडला की ‘टुक्’ असा आवाज येतो. दुसरं काही नाही. ती हलत नाही, ठेच लावत नाही, नुसती हुंकार देते. मुलगा कॉलेजात असताना रात्री उशिरा यायचा, तेव्हा ती चुकवण्यासाठी लांब ढांग टाकायचा आणि नेमका कपाटावर आदळायचा. आता तो बंगळुरूला आहे. आता रात्री दोनच्या सुमारास ती वाजते, तेव्हा सासूबाई पाणी प्यायला उठलेल्या असतात. एक टुक् जाताना, एक येताना. या दोन टुकांच्या मधे मला झोप लागत नाही. आईंचं वय शहाऐंशी आहे आणि दुसरा टुक् कधी कधी फार वेळ लावतो.

तर या फरशीचा एक कोपरा गेल्या पावसाळ्यात उचलला गेला. यांनी गवंड्याला बोलावण्याऐवजी कंत्राटदाराला बोलावलं, कारण हे नुकतेच निवृत्त झाले होते आणि निवृत्त माणसाला लहान काम पुरत नाही. कंत्राटदारानं खिशातून एक नाणं काढलं आणि डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसं तो आमच्या घराला ठोकत फिरला. "ही पोकळ आहे. ही भरीव. ही पोकळ. ही... ही बघावी लागेल." आम्ही तिघं त्याच्या मागून, आजाऱ्याचे नातेवाईक असावेत तसे गंभीर चेहऱ्यानं चालत होतो.

आमची सोसायटी १९७४ची. बाहेरच्या खोल्यांत मोझॅकच्या फरश्या, दहा इंच बाय दहा इंच, फिकट पिस्ता रंगाच्या सिमेंटमध्ये पांढऱ्या, काळ्या आणि क्वचित तांबूस संगमरवरी चिपा. स्वयंपाकघरात शहाबादी. मोझॅक हा प्रकार मुळात मोठ्या काटकसरीतून जन्मला. व्हेनिसचे कारागीर श्रीमंतांच्या वाड्यांत संगमरवर बसवायचे आणि उरलेले तुकडे आपल्या घरी नेऊन चुन्यामातीत दाबून घासायचे. म्हणजे उरलेल्या पोळीचा कुस्करा करावा, तसं. त्यामुळेच की काय, मध्यमवर्गाचं आणि मोझॅकचं फार जमलं. मोझॅकवर काहीही सांडलं तरी दिसत नाही. लाडवाचा कण, शेवेचा तुकडा, उडदाची डाळ, सगळं ती आपल्या ठिपक्यांत सामावून घेते. कळतं फक्त मुंग्यांना. १९८५ साली मी याच उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत आले. सगळे तांदूळ गोळा केले असं सर्वांनी सांगितलं, पण पुढचे आठ दिवस मुंग्यांची वरात माझ्या मागून घरात येत होती. आणि १९९१मध्ये नणंदेच्या लग्नाच्या गडबडीत माझ्या नथीचा एक मोती निसटून हॉलमध्ये पडला. सगळं वऱ्हाड रांगत होतं. सापडला नाही. तेव्हापासून कधी दुपारी केर काढताना उन्हात एखादी पांढरी चिप जरा जास्त चमकली, तर मी नखानं खरवडून बघते. चौतीस वर्षं झाली, अजून बघते. साध्या पांढऱ्या फरशीवर तो त्याच मिनिटाला सापडला असता आणि मी त्याला तेव्हाच विसरून गेले असते.

बाकी खुणा म्हणाल तर गॅलरीच्या दाराशी दोन काळे डाग आहेत, एका दिवाळीतल्या नागगोळीचे. नाग दोन मिनिटं जगला, डाग तीस वर्षं. लिंबू, रॉकेल, राख, सगळं करून झालं. खिडकीखाली, सासऱ्यांची आरामखुर्ची असायची तिथं दोन लांबट घासलेले पट्टे आहेत. खुर्ची जाऊन किती वर्षं झाली, पण तिथं कुणी कधी काही ठेवलं नाही. जागा नाही, जागा नाही म्हणून आम्ही फ्रिजवर सूटकेस ठेवतो, पण तिथं नाही.

"तीन पर्याय आहेत, वहिनी," कंत्राटदार म्हणाला. पहिला, सगळं उखडायचं. दुसरा, आहे त्या फरशीवरच नवी चिकटवायची. तिसरा त्यानं इतक्या हळू आवाजात सांगितला की मला पुन्हा विचारावं लागलं: आहे तीच घासून पॉलिश करायची. त्यात कुणालाच फारसं काही मिळत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

उखडण्याचा हिशेब त्यानं उभ्याउभ्या मांडला. सहाशे वीस चौरस फूट, खालच्या मसाल्यासकट तीन इंच जाडी, म्हणजे दोनशेच्या आसपास गोण्या राडारोडा. मुंबईत याला डेब्रिज म्हणतात आणि ते कसं निर्विकार वाटतं. राडारोडा म्हटलं की त्यात भांडणही आलं आणि रडणंही. लिफ्ट वापरायची नाही, काम दहा ते पाच, अनामत रक्कम वेगळी. मी मनात दोनशे गोण्या तिसऱ्या मजल्यावरून उतरवत होते. कुठल्या गोणीत काय गेलं असतं? अकराव्या गोणीत नागगोळी, साठावीत माप, कुठल्यातरी गोणीच्या तळाशी माझा मोती.

फरशीवर फरशी म्हणजे जमीन अर्धा-पाऊण इंच वर येणार. मग घरातलं प्रत्येक दार खालून तासायचं. ‘म्हणजे सगळी दारं बुटकी होणार,’ हे म्हणाले. पण मला वाटलं, दारं नाही, आपणच उंच होणार. पंख्याच्या अर्धा इंच जवळ, वरच्या मजल्यावरच्यांच्या भांडणाच्या अर्धा इंच जवळ. आणि खाली ती जुनी जमीन जिवंतच राहणार. गादीखाली घडी घालून ठेवलेल्या पत्रासारखी.

माझ्या माहेरी, रत्नागिरीकडे, असले पर्याय नव्हते. तिथं जमीन ही वस्तू नव्हती, ते एक काम होतं. पावसाळा सरला की अंगणाची आणि पडवीची भुई नव्यानं करायची. माती खणायची, भिजवायची, पसरायची आणि मग बायका ओळीनं उकिडव्या बसून चोपण्यांनी ती चोपायच्या. लांबून ऐकलं तर गाव कुणाची तरी पाठ थोपटतोय असं वाटायचं. वरून शेणाचं सारवण. काळा रंग यावा म्हणून कोळशाची पूड घालत, आणि नंतरच्या काळात बॅटरीच्या संपलेल्या सेलमधली पूडही. माझी आजी मागं मागं सरकत सारवायची, हाताच्या चार बोटांची अर्धवर्तुळं एकात एक अडकवत, आणि शेवटी उंबऱ्याबाहेर येऊन बसायची. आत ओली जमीन, बाहेर आजी. ती वाळेपर्यंत कुणालाही, आजोबांनासुद्धा, आपल्याच घरात जायला बंदी. दर आठ दिवसांनी नवी जमीन, खर्च एक पाटी शेण, आणि कुठल्या रंगाचं शेण, असा प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

घरात फरशीचा विषय निघाला की माणसाची नजर खाली जाते. मला तसा आजारच जडला. लोकांच्या घरी गेले की मी आधी त्यांची जमीन बघायची. एके ठिकाणी समाचाराला गेले होते. तिथं जुन्या सिमेंटच्या, वेलबुट्टीच्या फरश्या होत्या, अशा देखण्या की मान वर होईना. निघताना त्यांच्या सूनबाई यांना म्हणाल्या, "काकूंना फारच लागलेलं दिसतंय." भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातही तेच. १८७२ साली उघडलेली ती वास्तू, कपाटांत मातीची चित्रं, जहाजांच्या प्रतिकृती, आणि मी खाली इंग्लंडहून आलेल्या मिंटनच्या फरश्या बघत फिरतेय. पहारेकऱ्यानं येऊन विचारलं, "काही पडलंय का ताई?" त्या काळात चांगली फरशी म्हणजे विलायतेहून जहाजानं यायची. मग १९२२मध्ये स्वदेशीच्या ओढीनं भारत टाइल्सचा कारखाना निघाला आणि तसली नक्षी इथल्या सिमेंटवर उमटू लागली. म्हणजे एकेकाळी आपल्या पायांखालची जमीन आपण स्वतः करणं, हेही देशकार्यच होतं. आमच्या घरी मात्र त्या दिवसांत मतभेद वाढत चालले होते.

यांना शुभ्र हवी होती. मुलाला लाकडी, तो रोज रात्री फोनवर छायाचित्रं पाठवायचा, त्यांतल्या कुठल्याच घरात माणसं नव्हती. आमच्याकडे केर-फरशी करणाऱ्या मावशींना मी विचारलं, कारण गेली अठरा वर्षं आमची जमीन गुडघ्यांवर बसून पाहिलेली त्याच एकट्या. लाकडी जमिनीला ओलं फडकं चालत नाही असं कळल्यावर त्या इतक्या हसल्या की बादली खाली ठेवावी लागली. आणि शुभ्र? "पांढरी नको, ताई. पांढरीवर मी पुसलेलं दिसत नाही, माझीच पावलं दिसतात मला." आईंनी मात्र मत दिलं नाही. त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघराला हात लावू नका, बाकी तुमचं चालू द्या."

स्वयंपाकघरातली शहाबादी जुनी झाली, हे आम्ही फार सहज बोलून गेलो होतो. एकदा हैदराबादला जाताना कलबुर्गी मागे पडल्यावर गाडी शहाबाद स्टेशनावरून गेली आणि मी खिडकीला नाक लावून बसले. आपल्या स्वयंपाकघराचं माहेर बघायला मिळतंय, असं वाटलं. तिथं रुळांच्या कडेला, शेतांच्या बांधांवर, घरांच्या कुंपणांना, जिकडंतिकडं तोच करडा दगड, उभ्या पट्ट्यांचा रोवलेला. आपण ज्यावर पोळपाट ठेवतो त्यावर तिथं शेळ्या अंग घासत होत्या. तो चुनखडीचा दगड समुद्राच्या तळाशी थरावर थर साचून झालेला. म्हणून तो पापुद्र्यांसारखा सुटतो आणि त्याच्या लाद्या निघतात. आपल्या पुण्याचा काळा पाषाण लाव्हाचा, हट्टी. तो फुटतो, पण थरांनी सुटत नाही. पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. शहाबादी पन्नास कोटींहूनही जुनी. तिच्यावर पाय ठेवायला जमिनीवर प्राणीच नव्हते तेव्हाची. एवढा काळ ती समुद्राखाली, मातीखाली, निजामाखाली शांत पडून राहिली आणि १९७४ साली आमच्या स्वयंपाकघरात आली. आणि आता आम्ही म्हणतोय, हिला पन्नास वर्षं झाली, बदलायला हवी.

चौथ्या शोरूममध्ये मात्र चमत्कार झाला. आमचं एकमत झालं. तोवर आम्ही पुष्कळ काही पाहिलं होतं: लाकडासारखी दिसणारी फरशी, जिच्यात दर सहाव्या पट्टीला तीच गाठ त्याच जागी पुन्हा येते, जशी काही जंगलातली सगळी झाडं जुळी, सिमेंटसारखी दिसणारी, जी पाहून यांनी ‘मग सिमेंटच का नको’ असा रास्त प्रश्न विचारला, संगमरवरासारखी दिसणारी, जिच्यावरच्या शिरा बघून मला यांचे पाय आठवले. बहुतेक सगळ्या मोरबीहून आलेल्या. आमच्या भिंतीवरचं घड्याळही मोरबीचंच. वेळ तिकडचा होताच, आता जमीनही तिकडचीच येणार होती. आणि तेवढ्यात कोपऱ्यात, दिव्याच्या झोतात, ती दिसली. फिकट पिस्ता रंग, पांढरे, काळे, क्वचित तांबूस ठिपके. पाहताक्षणी पायांना ओळखीचं काहीतरी वाटलं. हे म्हणाले, "ही घरगुती वाटते." व्हिडिओ कॉलवरून मुलगा म्हणाला, "आई, ही बेस्ट आहे." विक्रेता मुलगा उत्साहानं म्हणाला, "टेराझो, सर. सध्या हीच जातेय. आणि प्रिंटेड आहे, त्यामुळे प्रत्येक पीस सेम."

आम्ही दोघं तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिलो. ते आमच्याच जमिनीचं छायाचित्र होतं. चौरस फुटाला एकशे साठ रुपये, बसवण्याचा खर्च वेगळा. आपल्याच आईचा फोटो दुसऱ्याच्या घरी सुंदर चौकटीत लावलेला पाहावा आणि ‘या बाई कोण हो?’ म्हणून विचारावं, तसं काहीतरी झालं. हे चष्मा पुसायला लागले. मी चपला काढून पुन्हा एकदा उभी राहिले, पण ते केवळ सौजन्य म्हणून.

घासण्याचं काम चार दिवस चाललं. राजस्थानातून आलेले दोन तरुण भाऊ, एक यंत्र धरणारा आणि एक त्याची वायर धरणारा. आधी पोकळ फरश्या उचलून पुन्हा बसवल्या, सांधे भरले, ते वाळू दिले, मग जाड दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचा हात. घरभर खिरीसारखा राखाडी चिखल. पन्नास वर्षांची वरची साय निघत होती. आम्ही शेजाऱ्यांच्या दिवाणावर पाहुण्यांसारखे बसून होतो, आणि आई दर अर्ध्या तासानं उंबऱ्यापर्यंत जाऊन, आत पाय न टाकता, डोकावून यायच्या. माझी आजी बसायची तशाच, आणि आतली ओल वाळण्याची वाट बघत.

चौथ्या दिवशी फडकं फिरलं आणि खालून जे वर आलं ते आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. एक आई सोडून. पिस्ता रंग आम्हाला वाटायचा त्यापेक्षा कितीतरी हिरवा होता, चैत्रातल्या कडुनिंबासारखा. आई खुर्चीवर बसून बघत राहिल्या. म्हणाल्या, "असा होता होय हिचा रंग. मी विसरलेच होते की." नागगोळीचे डाग गेले होते. ते घालवा असं या वेळी कुणीच सांगितलं नव्हतं. आरामखुर्चीचे पट्टेही गेले. तरी दुसऱ्या दिवशी सामान लावताना यांनी टीव्हीचं टेबल तिथवर ढकलत आणलं, थांबले, आणि काही न बोलता परत मागे नेलं.

पॅसेजमधली ती तिसरी तेवढी तशीच ठेवा, असं मी त्या भावांना सांगून पाहिलं होतं. थोरला नम्रपणे म्हणाला, "पोकळ राहिली तर मशीन तिला फोडेल, माँजी." त्याचं बरोबर होतं. त्यानं ती फार मन लावून बसवली. आता तिच्यावर कुणी नाचलं तरी ती बोलणार नाही.

पहिल्या दोन रात्री मी जागीच होते. घर इतकं शांत की फ्रिजचा श्वास ऐकू यावा. आई उठल्या की नाही, गेल्या की आल्या, काही कळायला मार्ग नाही. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास पॅसेजमधून आवाज आला. टुक्. मी उठून बसले. तो फरशीचा नव्हता, काठीच्या टोकाचा होता. नेमका डाव्या हाताच्या तिसऱ्या फरशीवर, एकदाच. मग भांड्याचा आवाज, पाण्याचा आवाज. थोड्या वेळानं पुन्हा, टुक्. आणि खोलीचं दार लोटल्याचा आवाज.

सकाळी विचारावं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले, तर आई दडपे पोहे कालवत होत्या. नारळ, कांदा, फोडणी, सगळं घालून झालं होतं. वर ताटली ठेवून त्या इकडेतिकडे बघू लागल्या. "अगं, दडपायला काहीतरी वजन दे ना." खलबत्ता सामानाच्या कुठल्या खोक्यात होता कोण जाणे. हाताशी होता तो शोरूमवाल्या मुलानं घरी दाखवायला म्हणून दिलेला नमुन्याचा तुकडा, इटालियन संगमरवरासारखा, शुभ्र, राखाडी शिरांचा, झेपणार नाही म्हणून पहिल्याच दिवशी नको म्हटलेला. मी तो धुऊन पुसून ताटलीवर ठेवला. आईंनी वरून तळहातानं जरा दाबून पाहिला.

"हां," त्या म्हणाल्या, "याला ही बरी आहे."